थंड तेलाचा चटका

1926 साली न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या धनिकांच्या वसाहतीत एक विलक्षण उद्योग सुरू झाला. आल्फ्रेड ली लूमिस हा वॉल स्ट्रीटवरचा पेढीवाला. दिवसभर रोख्यांचे व्यवहार पाहायचे आणि उरलेला वेळ भौतिकशास्त्राला द्यायचा, असा त्याचा क्रम. वसाहतीतले टॉवर हाऊस नावाचे प्रशस्त घर विकत घेऊन त्याने तिथे स्वतःच्या पैशाने प्रयोगशाळा थाटली होती. त्याचा साथीदार होता बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला रॉबर्ट वुड. हा वुड साधा माणूस नव्हे. 1904 साली फ्रान्समधल्या नान्सी इथे जाऊन त्याने गाजत असलेले ‘एन-किरण’ अस्तित्वातच नाहीत हे दाखवून दिले होते. आपल्याच डोळ्यांनी आपली फसवणूक कशी होते, याची त्याला पक्की जाण होती.

या दोघांनी तेलाच्या भांड्यात क्वार्ट्झची एक चकती बुडवली आणि तिला सुमारे 50,000 व्होल्टचा, सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विद्युतदाब दिला. क्वार्ट्झचा गुणच असा, की विजेचा दाब बदलला की स्फटिक किंचित आकसतो, किंचित फुगतो. चकती थरथरू लागली. कानाला काहीच ऐकू येत नव्हते. पण चकतीच्या डोक्यावर तेलाचा उंचवटा वर आला आणि त्यातून कारंज्यासारखे थेंब उडू लागले. त्या उंचवट्यात काचेचा बारीक दांडा बुडवून दुसरे टोक चिमटीत धरले, तर बोटांना चटका बसे आणि कातडीवर खूण उमटे. तोच दांडा लाकडाच्या ढलपीवर दाबला, तर धूर निघे. तेल मात्र पोळण्याइतके तापलेले नव्हते आणि हवेतला दांडाही गार होता.

तापमापकाने गार म्हणायचे आणि बोटाने भाजले म्हणायचे, असा हा पेच. ध्वनीने घडते ते उष्णतेनेच घडते की आणखी कशाने, हा प्रश्न त्या चटक्यात दडलेला होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला साठेक वर्षे गेली आणि ते मुख्यतः रसायनशास्त्रज्ञांनी मिळवले.

वुडला या विषयाची ओढ लागली ती पहिल्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्यांनी दोस्तांची जहाजे बुडवायचा सपाटा लावला होता. तुलाँच्या नौदल बंदरात पॉल लांजवँ हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पाण्यात श्राव्यातीत ध्वनीचा झोत सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकण्याच्या खटपटीत होता. श्राव्यातीत म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडचा, सेकंदाला 20,000 कंपनांहून वरचा. 1917 साली वुड तिथे गेला तेव्हा त्याने पाहिले, की झोताच्या वाटेत आलेले लहान मासे मरून पडतात आणि पाण्यात हात घातला तर हाडापर्यंत कळ जाते. युद्ध संपले, पण ते मासे त्याच्या मनातून गेले नाहीत. दहा वर्षांनी लूमिसचा पैसा आणि वुडची जिज्ञासा एकत्र आली.

1927 साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या विल्यम रिचर्ड्सने लूमिसबरोबर ध्वनीच्या रासायनिक परिणामांची पहिली पाहणी मांडली. आयोडिनचा ‘घड्याळी’ प्रयोग, ज्यात ठरावीक वेळाने द्रावण एकदम रंग बदलते, तो ध्वनीच्या माऱ्यात लवकर उरकतो. डायमिथिल सल्फेटचे पाण्याने होणारे विघटन वेगाने होते. नायट्रोजन ट्रायआयोडाइडसारख्या चिडखोर पदार्थाचा स्फोट होतो. एका नव्या शाखेची ही जन्मनोंद. पण त्या शाखेला नाव मिळून ती स्वतःच्या पायावर उभी राहायला अर्धे शतक उलटावे लागले.

याचे एक कारण उघड आहे. रसायनशास्त्रज्ञाला उष्णता पुरत होती.

कार्बनी रसायनशास्त्राची सगळी बैठकच आचेवर आहे. चंबू, त्यावर उभा केलेला शीतक, खाली तेलाची किंवा वाळूची कढई, आणि तासन् तास उकळणारे मिश्रण: वाफ वर जाते, थंड होऊन परत खाली येते, आटत काही नाही. रिफ्लक्सची ही मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञालाही ओळखू आली असती. आचेने काम का होते, हे स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियसने 1889 साली नीट सांगितले. एका संयुगाचे दुसरे संयुग होताना रेणूंना मध्ये एक घाट ओलांडावा लागतो. नेहमीच्या तापमानाला घाट चढण्याइतका दम फार थोड्या रेणूंत असतो. तापमान वाढवले की दमदार रेणूंची संख्या झपाट्याने वाढते; ढोबळ मानाने दर 10 अंशांना वेग दुप्पट.

पण उष्णता आंधळी आहे. ती भांड्यातल्या प्रत्येक रेणूला सारखी तापवते. ज्याला घाट चढायचा आहे त्याला, आणि जो पलीकडे उतरून शांत बसला आहे त्या उत्पादितालाही. कार्बनी रेणू नाजूक असतात. जास्त वेळ तापवले की ते तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि चंबूच्या तळाशी डांबर जमते. दुधाला आच लागली की सगळे पातेले करपट होते, तसेच हे. शिवाय भांड्यात दोन थर असतील, म्हणजे तेल आणि पाणी, किंवा द्रव आणि धातूचे तुकडे, तर नुसत्या तापवण्याने त्यांची गाठ पडतेच असे नाही. ज्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमचे ते कुप्रसिद्ध प्रात्यक्षिक केले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. धातूवर ऑक्साइडची पातळ साय असते. ती फाटल्याशिवाय काही सुरू होत नाही. इथर कोरडे हवे, चंबू कोरडा हवा, हवेतला दमटपणाही बाधतो. आयोडिनचा खडा टाका, चंबू तळहाताने ऊब देत धरा आणि वाट पाहा. पावसाळ्यात तो चंबू हातात धरून मी सबंध दुपार घालवली आहे आणि संध्याकाळी तो जसाच्या तसा परत ठेवला आहे. त्या प्रात्यक्षिकाचा या कथेशी जवळचा संबंध आहे. तिथे आपण येऊच.

त्याआधी एका जहाजाकडे वळावे लागेल, कारण ध्वनीच्या रसायनाचे गुपित प्रथम उलगडले ते समुद्रावर.

1894 च्या सुमारास ब्रिटिश नौदलासाठी ‘डेअरिंग’ नावाची वेगवान विनाशिका बांधली गेली. चाचण्यांत ती ठरलेला 27 नॉटचा वेग गाठेना. एंजिन जोर लावत होते, मळसूत्री पंखे गरगरत होते, पण जोर पाण्यात जिरून जात होता. बांधणाऱ्या थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी शोधले, की पंख्याच्या पात्यामागे दाब इतका उतरतो की पाणी तिथे अक्षरशः फाटते आणि वाफेच्या पोकळ्या तयार होतात. पंखा पाणी कापण्याऐवजी फेस घुसळत राहतो. आर. ई. फ्रूडने या प्रकाराला नाव सुचवले: कॅव्हिटेशन, म्हणजे पोकळ्या पडणे. पाती रुंद केल्यावर जहाज धावले. पण पुढे नौदलाला दुसरीच डोकेदुखी सुरू झाली. पोकळ्या जिथे मिटत तिथे पंख्याचा धातू कुरतडल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होई. पाण्याचा बुडबुडा कांशाला कसा काय खाऊ शकतो?

हे गणित 1917 साली लॉर्ड रॅले यांनी सोडवले. गोल पोकळी आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाखाली कोसळताना सगळे पाणी एका बिंदूकडे धावते. जागा जितकी आकसत जाते तितका वेग वाढतो. पोकळी मूळ त्रिज्येच्या विसाव्या हिश्शाइतकी होऊन एखाद्या कठीण गोळीवर आदळली, तर तिथला दाब 10,300 वातावरणांपर्यंत जातो, असे त्यांचे उत्तर आले. आत थोडी हवा अडकली असेल तर ती चेपली जाऊन भयंकर तापेल, हेही त्याच विचारातून निघते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते. तीच क्रिया इथे एका क्षणात आणि सुईच्या अग्राहून लहान जागेत होते.

लांजवँचे मासे आणि रॅले यांचे गणित दोन्ही एकाच वर्षातले, एकाच युद्धाच्या काळातले. तरी या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला वेळ लागला. 1934 मध्ये कोलोन विद्यापीठात फ्रेंझेल आणि शुल्टेस यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या पाण्यात छायाचित्रणाच्या काचा बुडवल्या, तर त्यांच्यावर ठिपके उमटले: मिटणारे बुडबुडे प्रकाश टाकत होते. 1938 मध्ये पोर्टर आणि यंग यांनी एका कार्बनी संयुगाची अंतर्गत पुनर्रचना ध्वनीने घडवली. 1950 साली नोल्टिंक आणि नेप्पिरास यांनी बुडबुड्यात हजारो अंशांचे तापमान निर्माण होत असावे असा हिशेब मांडला. त्याच वर्षी रेनो या फ्रेंच संशोधकाने लिथियम आणि मॅग्नेशियम यांच्या अभिक्रिया ध्वनीने सुलभ होतात असे छापले. हा निबंध वाचून कोणी हातोहात उचलला असता तर मॅग्नेशियमचे किती चंबू वाचले असते! पण तो तसाच पडून राहिला. ध्वनी निर्माण करणारी यंत्रे महाग होती, बोजड होती आणि भौतिकशास्त्राच्या खोल्यांत होती. कार्बनी रसायनवाल्याच्या टेबलावर बर्नर होता.

ध्वनी त्याच्या टेबलावर आला तो धुण्याभांड्याच्या निमित्ताने. सराफ दागिना आणि चष्मेवाला काच ज्या छोट्या टबात टाकून स्वच्छ करून देतो, तेच यंत्र. पाण्याने भरलेली स्टीलची टाकी, तळाला कंपन करणारे घटक, सेकंदाला 40-50 हजार कंपने. काचेची नळी, पिपेट, जाळीच्या फटी असे जिथे ब्रश पोचत नाही तिथला मळ बुडबुडे काढतात. साठ-सत्तरच्या दशकांत हे टब प्रयोगशाळांतून रुळले. कोपऱ्यात ते गुणगुणत असत आणि कोणालाही त्यात रसायनशास्त्र दिसत नव्हते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे ज्याँ-लुई ल्यूश आणि ज्याँ-क्लोद दामियानो यांना ते दिसले. 1980 मध्ये त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध अगदी छोटा आहे. लिथियमचे तुकडे, एक हॅलाइड, एक आल्डिहाइड किंवा कीटोन, सगळे एकदमच चंबूत घालायचे आणि चंबू धुण्याच्या टबात धरायचा. मिनिटांत काम फत्ते, आणि उत्पादनही भरपूर. दुकानातून आणलेला द्रावक पुरेसा कोरडा न करताही चाले.

या निबंधाचे महत्त्व समजायला त्याआधीची ऐंशी वर्षे लक्षात घ्यावी लागतात. 1899 मध्ये लियाँच्या फिलिप बार्बिएने मॅग्नेशियम, मिथिल आयोडाइड आणि एक कीटोन एकत्र घालून त्यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला होता. कधी जमे, कधी जमत नसे. त्याने हे काम आपला विद्यार्थी व्हिक्टर ग्रिन्यारकडे सोपवले. ग्रिन्यारने एक पायरी वाढवली: आधी कोरड्या इथरमध्ये मॅग्नेशियम आणि हॅलाइड यांचे मिश्र संयुग बनवायचे, ते तयार झाले की मगच कीटोन घालायचा. अभिक्रिया भरवशाची झाली, तिला ग्रिन्यारचे नाव मिळाले आणि 1912 चे नोबेलही. बार्बिएची एका चंबूतली रीत मागे पडली, कारण धातूवरची साय केव्हा फाटेल याचा नेम नव्हता. ल्यूशच्या टबातले बुडबुडे नेमकी तीच साय फाडत होते. धातूच्या पृष्ठभागाशेजारी बुडबुडा मिटतो तेव्हा तो गोल राहून मिटत नाही. एका बाजूने आत खचतो आणि द्रवाची सुईसारखी धार धातूवर आदळते. जी धार नौदलाच्या पंख्याला खड्डे पाडत होती, ती इथे धातूचा नवा, चकचकीत पृष्ठभाग उघडा करत होती. गुरूची रीत शिष्याच्या कीर्तीखाली दबली होती. धुण्याच्या टबाने ती वर काढली.

मग काय, लोक तुटून पडले. जस्त, तांबे, मॅग्नेशियम, पोटॅशियम, जो धातू दिसेल तो टबात. तासांचे मिनिटांवर आले. या लाटेतले बरेचसे निबंध वाचताना मला मात्र एक गोष्ट खटकते. ‘ढवळल्यावर 12 तास, ध्वनीने 40 मिनिटे’ अशा तुलनेत दोन्हीकडचे तापमान एकच ठेवले होते का? टब चालू राहिला की पाणी आपोआप तापते, कारण ध्वनीची बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णताच होते; कोणी टबात बर्फ घातला होता का? आणि ढवळणे म्हणजे तळाशी हळू फिरणारी चुंबकी गोळी, की धातूचा भुगा करणारे जोरदार घुसळणे? वेग वाढला एवढ्यावरून ध्वनी उष्णतेहून वेगळा ठरत नाही. जास्त आच दिली की वेग वाढतोच. चांगले घुसळले तरी वाढतो. टक्सिडो पार्कच्या काचेच्या दांड्याचा प्रश्न अजून उभाच होता.

त्याला खरे उत्तर द्यायचे तर वेगाकडे न पाहता पदार्थाकडे पाहायला हवे. एकाच सुरुवातीपासून उष्णता एक पदार्थ देते आणि ध्वनी दुसराच देतो, असे दाखवायला हवे. हे काम इलिनॉय विद्यापीठातल्या केनेथ ससलिकने 1981 मध्ये केले.

त्याने निवडले आयर्न पेंटाकार्बोनिल: लोखंडाचा एक अणू आणि त्याच्याभोवती कार्बन मोनॉक्साइडचे पाच रेणू असा पिवळसर द्रव. तो तापवला तर कार्बन मोनॉक्साइड उडून जाते आणि हवेत पेट घेईल अशी लोखंडाची बारीक पूड उरते. त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकला तर दोन लोखंडांचे संयुग बनते. आणि श्राव्यातीत ध्वनी सोडला तर? तीन लोखंडांचे संयुग आणि थोडी पूड. शिवाय कोणता द्रावक वापरला आहे त्यावर या दोहोंचे प्रमाण बदलते. उष्णता, प्रकाश, ध्वनी अशा तीन वाटा आणि तीन मुक्काम. इतके स्वच्छ, इतके निःसंदिग्ध प्रयोग रसायनशास्त्रात वारंवार होत नाहीत.

1984 मध्ये जपानमधून ताकाशी आंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आले. कार्बनी रसायनाच्या दृष्टीने मला ते सर्वात सुंदर वाटते. टोल्युईनमध्ये बेंझिल ब्रोमाइड, पोटॅशियम सायनाइड आणि ॲल्युमिनाची भुकटी. हे मिश्रण नुसते ढवळले तर ॲल्युमिना उत्प्रेरकाचे काम करते आणि बेंझिलचा गट द्रावकालाच, म्हणजे टोल्युईनला, जाऊन चिकटतो. तेच मिश्रण त्याच तापमानाला ध्वनीच्या टबात ठेवले तर बहुतांश बेंझिल सायनाइड मिळते. रेल्वेचे सांधे बदलावेत तसे ध्वनीने अभिक्रियेची लाइनच बदलली. कारणही सापडले. बुडबुड्यांच्या माऱ्याने सायनाइड ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर पसरते आणि ज्या जागा उत्प्रेरकाचे काम करत होत्या त्या झाकल्या जातात. त्या निकामी झाल्यावर दुसरी वाट मोकळी होते. तापमान कितीही वाढवा, नुसत्या आचेने हा सांधा बदलत नाही.

आता राहिला मोजमापाचा भाग. बुडबुड्याच्या आत तापमापक घालणार कसा? ससलिकने तापमापक म्हणून अभिक्रियाच वापरल्या. ज्यांचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे आधीच ठाऊक आहे अशा धातू-कार्बोनिलांच्या अनेक अभिक्रिया त्याने ध्वनीखाली चालवल्या आणि त्यांचे वेग एकमेकांशी ताडून पाहिले. 1986 साली उत्तर आले: मिटणाऱ्या बुडबुड्यातल्या वायूत सुमारे 5,200 केल्विन, भोवतीच्या द्रवाच्या पातळ वेष्टनात सुमारे 1,900 केल्विन. 1991 मध्ये फ्लिंटबरोबर त्याने सिलिकोन तेलातल्या बुडबुड्यांच्या उजेडाचे वर्णपट तपासून दुसऱ्या वाटेने हाच आकडा पडताळला: 5,075 केल्विन. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,800 केल्विन आहे.

म्हणजे ध्वनी हीही शेवटी उष्णताच म्हणायची का? एका अर्थी हो. आणि इथेच तुलनेची खरी गंमत सुरू होते. 20,000 कंपनांच्या ध्वनीची पाण्यातली लहर साडेसात सेंटिमीटर लांब असते. रेणू तिच्या मानाने कोट्यवधी पटींनी लहान. इतकी लांब लहर रेणूचा बंध धरून ओढूच शकत नाही. ती एवढेच करते, की द्रवात पोकळी उघडते आणि मिटवते. पसरलेली, विरळ ऊर्जा एका ठिपक्यात गोळा करते. फोडणीचे तसेच आहे. आमटीचे पातेले मोहरी तडतडण्याइतके कधी तापत नाही. तो कडकडीतपणा पळीभर तेलात असतो, आणि आमटीत पडल्या क्षणी विझतो. फक्त बुडबुड्याची फोडणी मायक्रोसेकंदाच्या आत पेटते आणि विझते, सेकंदाला 1,000 कोटी अंशांहून अधिक गतीने, आणि पातेल्यात लाखो ठिकाणी. जो रेणू त्या ठिपक्यात सापडला तो तुटतो. त्याचे तुकडे तत्क्षणी गार द्रवात येऊन पडतात, आणखी शिजत नाहीत. चंबूवर हात ठेवला तर तो गारच.

या चित्रातून एक निष्कर्ष निघतो, जो आचेवर वाढलेल्या रसायनशास्त्रज्ञाला प्रथम पटत नाही. ध्वनीच्या बऱ्याच अभिक्रिया भांडे गार केल्यावर जास्त चांगल्या चालतात. आऱ्हेनियसच्या नियमाच्या हे उलट वाटते. पण द्रव तापला की त्याची वाफ वाढते, ती बुडबुड्यात भरते आणि मिटताना गादीसारखी आड येते. आघात मऊ होतो, ठिपका कमी तापतो. म्हणून चटकन उडणारा द्रावक नको, जड द्रावक बरा. द्रवात विरघळलेला वायूही महत्त्वाचा. आर्गॉनसारखा एकाणू वायू चेपल्यावर अधिक तापतो, कार्बन डायऑक्साइड कमी. रिफ्लक्समध्ये द्रावक उकळणे हे ध्येय असते, ध्वनीत ती अडचण होते.

1986 मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक इथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली; कॉव्हेंट्रीच्या टिमोथी मेसनचा त्यात पुढाकार होता. ‘सोनोकेमिस्ट्री’ हे नाव रूढ झाले. आणि 1990 मध्ये खुद्द ल्यूशनेच आपल्या क्षेत्रात झाडू मारला. त्याने अभिक्रियांची विभागणी केली. ज्या अभिक्रिया मुक्त मूलकांच्या किंवा एकेका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतून होतात, तिथे ध्वनी रसायनाच्या वाटेतच हात घालतो. ज्या आयनांच्या वाटेने होतात आणि ज्यांत घन-द्रव किंवा तेल-पाणी असे दोन थर असतात, तिथे ध्वनी फक्त जबरदस्त घुसळणारा असतो. हे ‘खोटे’ सोनोरसायन, उपयोगी असले तरी. आणि एकजीव द्रावणातल्या आयनी अभिक्रियांवर ध्वनीचा सहसा परिणामच होत नाही. ज्या माणसाच्या शोधाने लाट उठली, त्यानेच तिच्यातला फेस वेगळा काढून दाखवावा, याबद्दल मला ल्यूशविषयी फार आदर वाटतो. डील्स-आल्डर अभिक्रियेचे उदाहरण बोलके आहे. ध्वनीने ती वेग घेते असे निबंध येत होते. 1996 मध्ये ब्रसेल्सच्या कोलिए आणि रेस यांनी दाखवले, की हॅलोजनयुक्त द्रावक बुडबुड्यात तुटून आम्ल तयार होते आणि ते आम्लच उत्प्रेरक ठरते. ध्वनी अभिक्रियेला चालना देत नव्हता, तो गुपचूप उत्प्रेरक बनवत होता.

धातूच्या कणांचे काय होते हे ससलिक आणि डॉक्टिझ यांनी 1990 मध्ये पाहिले. द्रवातून जाणाऱ्या आघातलहरींनी सूक्ष्म कण एकमेकांवर इतक्या जोरात आदळतात की जस्त, क्रोमियम, मॉलिब्डेनमचे कण चक्क एकमेकांना डागले जातात. टंगस्टन तेवढे वितळत नाही. निकेलची मंद पूडही अशा माऱ्यानंतर हायड्रोजनीकरणाची तेज उत्प्रेरक बनते, कारण तिच्यावरचा ऑक्साइड झडून जातो. पुन्हा तीच साय!

प्रयोगशाळेतल्या चंबूत हे सगळे छान. कारखान्याच्या टाकीचे काय? टोकदार कंपनदांड्यापासून काही सेंटिमीटरवर बुडबुड्यांचा जोर ओसरतो. दांड्याजवळचे बुडबुडेच पुढच्या ध्वनीला अडवतात. आच देणे सोपे आहे: वाफेचे जॅकेट लावा, दहा हजार लिटर तापवा. ध्वनीने दहा हजार लिटर हाताळायचे म्हणजे दांड्यांचे जंगल उभे करावे लागेल आणि विजेतली बरीचशी ऊर्जा वाटेतच जाईल. या टप्प्यावर उष्णता आजही जिंकते, आणि औद्योगिक कार्बनी रसायन बहुतांशी वाफेवरच चालते ते उगाच नव्हे.

या अडचणीवरचे एक महत्त्वाचे काम मुंबईत, माटुंग्याला झाले. पूर्वीचे यूडीसीटी, आताची रसायन तंत्रज्ञान संस्था. तिथे अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी 1993 मध्ये तेलांच्या जलविघटनावर, त्यात एरंडेल आणि करडईचे तेल, कॅव्हिटेशनचा परिणाम अभ्यासला. त्यांनी ध्वनीबरोबर दुसरा मार्गही तपासला: पंपाने द्रव अरुंद वाटेतून रेटायचा. अरुंद जागी वेग वाढतो, दाब उतरतो, पोकळ्या उघडतात. पुढे वाट रुंद झाली की दाब परत येतो आणि त्या मिटतात. म्हणजे ‘डेअरिंग’च्या पंख्यामागे जे घडत होते तेच, पण मुद्दाम. एकेक बुडबुडा ध्वनीतल्याइतका प्रखर मिटत नाही, पण संख्या अफाट आणि टाकी हवी तेवढी मोठी. पंडित, पराग गोगटे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे या मार्गाचा दीर्घ पाठपुरावा केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2002 मध्ये के. व्ही. श्रीनिवासन यांच्या गटाने सुझुकीची कार्बन-कार्बन जोडणी, जी एरवी तापवून करतात, ती आयनी द्रवात ध्वनीच्या साहाय्याने खोलीच्या तापमानाला घडवून दाखवली.

ज्यांनी पंपावर काम केले आहे त्यांना एक आवाज ओळखीचा असेल. शोषणाच्या बाजूला दाब अपुरा पडला की पंपाच्या पोटात खडी फिरल्यासारखी खरखर सुरू होते. ऑपरेटर तो आवाज ऐकतो आणि धावत जाऊन पंप बंद करतो, कारण चार दिवसांत पंख्याला भोके पडतात. माटुंग्याच्या त्या प्रयोगांत व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा असतो, नळीत ती खरखर उठेपर्यंत. ती उठली, की नमुना काढायला सुरुवात करायची.